दोन वर्षं झाली मंडळीत, अजून आपलं वाटत नाही

शेवटचा_बाक:
सलाम सगळ्यांना. मूळ अंबड तालुक्यातला, आता संभाजीनगरात. दर रविवारी चर्चला उपासनेला जातो, गाणी म्हणतो, बाहेर चहा घेतो, कुणी कसं काय विचारलं की 'प्रभूची कृपा' म्हणून मोकळा. खरं म्हणजे वाळूजची नोकरी जाऊन चार महिने झाले, सकाळी डबा घेऊन निघतो अन् दिवसभर कुठंतरी बसून काढतो, बायकोलापण सांगितलं नाही. एवढ्या माणसांत एकटंच वाटायलंय. मंडळीत सांगावं का? की म्हणतील याचा विश्वासच कच्चा?

कोरडवाहू:
लगेच पुढं उभं राहून साक्ष देऊ नका भाऊ. आमच्याकडं एकानं प्रार्थनेचा विषय म्हणून घरचं सांगितलं, बुधवारपर्यंत अख्ख्या गल्लीला पाठ. आधी बायको, मग एखादा भरवशाचा माणूस.

बेथेलची_नात:
वरच्या दादांचं खरंय, पण अर्धंच. मी जालन्याची. रेव्हरंड नारायण शेषाद्री ब्राह्मण घरातले, 1843 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं जालन्याजवळ बेथेल वसवलं, तिथलं आमचं माहेर. आजी म्हणायची एवढ्याशा गावात कुणाचं काय झाकून राहतंय. मी मात्र झाकायचे. नवऱ्याची दारू, सोयाबीन पाण्यात गेलेलं, सगळंच. एकदा कॉटेज मीटिंग, म्हणजे घरोघरी भरते ती प्रार्थना, आमच्या घरी होती, वाचन माझ्याकडं, बायबलातलं योहान 11. पस्तिसाव्या वचनात दोनच शब्द, 'येशू रडला', अन् माझा आवाजच बंद झाला. शेजारच्या मावशींनी काही न विचारता शास्त्र हातातून घेतलं, पुढचं वाचलं, मग उठून स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी ज्वारीचं पीठ घेऊन आल्या अन् बसल्या बसल्या स्वतःच्या पोराच्या कर्जाचं सांगायला लागल्या, ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. आता विश्वासाचं म्हणाल तर मेलेल्या लाजरला उठवणार हे माहीत असून प्रभू रडला, मग त्याचा कच्चा होता का?

कोरडवाहू:
ताई, हे पटलं. तरी माणूस बघूनच.

शेवटचा_बाक:
काल रात्री बायकोला सांगितलं. तिला दीड महिन्यापासून माहीत होतं, डब्याला ग्रीसचा वास यायचा तो बंद झाला म्हणे. मी रडलो, ती आधी चिडली मग रडली. शुक्रवारची कॉटेज मीटिंग आपल्याकडंच ठेवा असं तिनंच पाळक साहेबांना फोन करून सांगितलं. घरात खुर्च्या चारच हायेत, शेजारी सतरंजी मागायला चाललोय, दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं दार वाजवायलो.