दुखापतग्रस्त खेळाडूवर वरच्या फेरीतला क्रमांक खर्च करावा का?

माहीमकर:
एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा, ड्राफ्ट (संघ पाळीपाळीने कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात तो सोहळा; निवडीच्या प्रत्येक पाळीला एक क्रमांक असतो) एप्रिलअखेरीस तिथल्या गुरुवारी रात्री सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा शुक्रवारची पहाट, साडेपाच वाजलेले असतात आणि दूधवाला येऊन जाईपर्यंत पहिली तीन-चार नावे पुकारून झालेली असतात. संघ 32 आणि फेऱ्या अवघ्या 7, तरीही त्या वर्षी मैदानात उतरूच शकणार नाही असा खेळाडू कोणीतरी घेतोच. मार्कस लॅटिमोर याचा गुडघा निकामी झालेला असताना सॅन फ्रान्सिस्कोने 2013 साली त्याला चौथ्या फेरीत घेतले आणि एकही सामना न खेळता तो 2014 मध्ये निवृत्त झाला. असे उदाहरण समोर असताना जाणती माणसे हा जुगार का खेळतात, हे कोणी समजावून सांगेल का?

परळची फिजिओ:
सगळे गुडघे एकाच मापाने मोजू नका, एवढीच विनंती. विलिस मॅकगेहीचे गुडघ्यातले तीन अस्थिबंध (लिगामेंट) एकाच सामन्यात तुटले होते, तरी बफेलोने त्याला 2003 मध्ये पहिल्या फेरीत 23 वा घेतले, वर्षभर बसवून ठेवले आणि पुढच्याच हंगामात तो 1,128 यार्ड धावला. जेलन स्मिथचे प्रकरण मात्र वेगळे होते. 1 जानेवारी 2016 च्या सामन्यात त्याच्या अस्थिबंधांबरोबर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने जाणारी नसही (मज्जातंतू) दुखावली. ही नस गेली की पाऊल वर उचलता येत नाही. माझ्याकडे येणारा असा रुग्ण पायऱ्या चढताना चवडा घासत चढतो, चप्पल पायातून निसटली तरी त्याला ते दोन पावलांनंतर कळते. अस्थिबंध शस्त्रक्रियेने नवा बसवता येतो, पण नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते आणि पुरती वाढेलच याची हमी कोणताही सर्जन देत नाही.

डॅलसने त्याला 34 वा घेतले. शस्त्रक्रिया त्यांच्याच संघाच्या डॉक्टरांनी केलेली होती, हा तपशील लोक विसरतात. आत नक्की काय दिसले, हे इतर संघांपेक्षा त्यांच्या डॉक्टरांना अधिक चांगले ठाऊक होते. स्मिथ 2016 चा पूर्ण हंगाम बाहेर बसला, 2017 मध्ये बुटात आधारपट्टी घालून खेळला आणि 2019 च्या हंगामात प्रो बोलपर्यंत, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या मानाच्या सामन्यापर्यंत, पोहोचला. 2021 मध्ये संघाने त्याला हंगाम सुरू असतानाच सोडून दिले, हेही खरे आहे.

बोरीवलीचा हिशेबनीस:
वैद्यकीय बाजू पटली. आता खर्चाचे पाहू. 2010 मध्ये पहिला निवडला गेलेला सॅम ब्रॅडफर्ड कॉलेजातून खांद्याची शस्त्रक्रिया करून आला होता, आणि त्याच्या करारात सुमारे 5 कोटी डॉलर हमीचे होते. 2011 पासून नवख्यांच्या पगाराला ठरावीक पट्टी लागली आणि त्या वर्षीच्या पहिल्या खेळाडूचा, कॅम न्यूटनचा, चार वर्षांचा सबंध करारच सुमारे 2 कोटी 20 लाखांचा झाला. त्यामुळे आता पैसा फारसा बुडत नाही, बुडतो तो क्रमांक आणि वेळ. चार वर्षांच्या करारातले एक वर्ष बरे होण्यात गेले, तर पाव माल आधीच संपला. पाचवे वर्ष वाढवण्याचा हक्क फक्त पहिल्या फेरीतल्या खेळाडूंबाबत असतो, म्हणून दुखापतग्रस्त खेळाडू घ्यायचाच असेल तर पहिल्या फेरीच्या शेवटी घेणे मला दुसरीच्या सुरुवातीपेक्षा शहाणपणाचे वाटते.

मैदानावरचा काका:
आपण सगळे दुखापतीवरच बोलतो आहोत. न पारखलेला खेळाडू मला त्याहून महाग वाटतो. गुडघ्याची निदान तपासणी तरी होते. ट्रे लान्सने 2020 मध्ये एकच सामना खेळला होता, तरी त्याला 2021 मध्ये तिसरा निवडता यावा म्हणून सॅन फ्रान्सिस्कोने पहिल्या फेरीतले तीन क्रमांक दिले. 2022 मध्ये त्याचा घोटा मोडला आणि 2023 मध्ये त्याला चौथ्या फेरीतल्या एका क्रमांकाच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकले. सॅन फ्रान्सिस्कोलाच 2022 च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262 वा ब्रॉक पर्डी लाभला, हा निव्वळ दैवाचा भाग.

मी वांद्र्यात मुलांना आपला फुटबॉल शिकवतो (पायाने खेळतात तो). निवडचाचणीत कच्च्या मुलांविरुद्ध चाळीस मिनिटे चमकलेला एक मुलगा मी डोळे झाकून घेतला होता. साखळीत समोरच्याचा पहिला खांदा लागल्यापासून तो चेंडू पायाशी येण्याआधीच धास्तीने मान वळवून कोण येतो आहे ते पाहू लागला. हे चाचणीत दिसणार कसे?

माहीमकर:
आभारी आहे. चौथ्या फेरीत लॅटिमोरला घेणे ही चूक नव्हती, हे मला आता मान्य आहे. तिथला क्रमांक स्वस्त असतो. स्मिथबाबत एक शंका उरतेच. डॅलसजवळ आतली माहिती होती म्हणता, मग तोपर्यंत तो दुसऱ्या कोणी उचलला नाही हे त्यांचे नशीबच नव्हे का?

परळची फिजिओ:
काही अंशी हो. पण ज्या डॉक्टरांनी ती नस स्वतः पाहिलेली नव्हती, त्यांनी आपल्या मालकाला ‘घेऊ नका’ असे सांगितले असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. त्यांच्या जागी मीही तेच सांगितले असते.