मदत हवी आहे : नव्या रंध्याचा तळ सपाट कसा करावा?

नमस्कार मंडळी. घराच्या गॅरेजमध्ये सुतारकामाचा कोपरा मांडतोय. परवा पुण्यात बोहरी आळीत जाऊन हत्यारं आणली: ४ नंबरचा लोखंडी रंधा (लाकूड तासून गुळगुळीत करायचं हत्यार), ६, १२ आणि २५ मिमीच्या पटाश्या (लाकूड कोरायच्या छिन्न्या), एक हातकरवत आणि काटकोन तपासायचा गुण्या. गुण्या लगेच तपासला. फळीच्या सरळ कडेला टेकवून रेघ मारली, मग उलटवून त्याच जागी दुसरी मारली; दोन्ही तंतोतंत जुळल्या. फार बरं वाटलं!

अडचण रंध्याची आहे. पट्टी लावून पाहिलं तर तळाच्या मधोमध, पात्याच्या तोंडापाशी, खोलगट भाग दिसतो. त्यामुळे जुन्या सागवानाच्या फळीवर पातळ ढलपी निघतच नाही. काचेवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून घासावं म्हणतो. घासताना पातं आत ओढून, पण घट्ट आवळूनच ठेवायचं ना? आणि नंतर किती नंबरपर्यंत जायचं?

पात्याला २५ अंशांची धार आहे. सागवानासाठी टोकाला ३० अंश द्यावेत का? धारेचा दगड तेलाचा घ्यावा की पाण्याचा?

पावसाळ्यात गॅरेजमध्ये दमटपणा फार असतो. गंज लागू नये म्हणून तुम्ही हत्यारांना काय लावता, तेही सांगा. अनुभवी सुतारमंडळींच्या उत्तरांची मनापासून वाट पाहतोय.