प्रतिसाद: अक्ष नव्हे, प्रतल

टेसरॅक्ट, म्हणजे चार मितींचा घन, पडद्यावर मोठ्या घनात लहान घन असा दिसतो. तो फिरताना आतला घन उलटून बाहेर येतो, मग टेसरॅक्ट कोणत्या अक्षाभोवती फिरतो, असं वर विचारलंय. गोची 'अक्ष' या शब्दातच आहे. फिरणं मुळात प्रतलात, म्हणजे दोन दिशांच्या सपाट पृष्ठात होतं, उरलेल्या दिशा जागच्या हलत नाहीत. त्रिमितीत अशी एकच दिशा उरते, तिला आपण अक्ष म्हणतो. चार मितींत दोन उरतात, म्हणजे अख्खं प्रतलच स्थिर. फिरवायला प्रतलं सहा: तीन ओळखीची, तीन डब्ल्यूवाली (डब्ल्यू म्हणजे एक्स, वाय, झेडच्या जोडीची चौथी दिशा).

मी जावास्क्रिप्टमध्ये हे करून पाहिलं तेव्हा हौसेने सहाही प्रतलांचे स्लायडर एकदम हलवले. पडद्यावर ३२ कडांचा नुसता गुंता! मग फक्त एक्स-डब्ल्यू ठेवला, आणि सुरुवातीला डब्ल्यू उणे असलेले आठ कोपरे निळे, उरलेले आठ केशरी केले. रंग कोपऱ्याला चिकटवायचा, जागेला नाही. तेव्हा कळलं, आतबाहेर काही होतच नाही. 'आतला' घन डब्ल्यूच्या दिशेने लांब आहे म्हणून लहान दिसतो, लांबवर रेल्वेचे रूळ जवळ आल्यासारखे वाटतात तसंच.

हे जमलं की एक्स-वाय आणि झेड-डब्ल्यू एकाच वेळी फिरवून बघा. केंद्रबिंदू सोडला तर काहीच स्थिर राहत नाही. त्रिमितीत हे शक्यच नाही.