विषय: [मंडळ] सही न करणारे डॉक्टर

नमस्कार मंडळी,

लेकीला शाळेत १९६८ वर, म्हणजे त्या वर्षी चेकोस्लोव्हाकियात घुसलेल्या सोव्हिएत फौजांवर, प्रकल्प दिलाय. रणगाड्यांचे फोटो मिळाले, तेव्हाचे सुधारणावादी कम्युनिस्ट पक्षप्रमुख दुब्चेक यांच्यावर दोन पानं लिहून झाली. पण काल रात्री तिने विचारलं, "मॉस्कोत सोव्हिएत अटींच्या कागदावर आपल्या सगळ्या नेत्यांनी सही केली आणि एकाने केली नाही, तर तो घरी परत कसा आला?" मला नाव तेवढं ठाऊक होतं: फ्रांतिशेक क्रीगल. पुढचं काही सांगता येईना. काका, तुम्ही इतकी वर्षं प्रागमध्ये आहात, या विषयावर पुष्कळ वाचलंय. जरा सविस्तर लिहाल का? तिला हे सोलापूरच्या आजीलाही मराठीत सांगायचंय.

– ब्रनोहून, तिची आई

*

प्रिय मंडळी,

लेकीचा प्रश्न अगदी नेमका आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो.

२० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांच्या, फौजा आत शिरल्या. पहाटे प्रागमध्ये व्लताव्हा नदीच्या काठावरच्या कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीच्या इमारतीत सोव्हिएत सैनिक घुसले आणि दुब्चेक, स्मर्कोव्स्की, क्रीगल या पक्षनेत्यांना ताब्यात घेतलं. पंतप्रधान चेर्निक यांनाही उचललं. तिथून विमानाने पोलंडमार्गे उझहोरोद आणि शेवटी मॉस्को. राष्ट्राध्यक्ष स्वोबोदा २३ तारखेला स्वतः तिकडे गेले आणि मग क्रेमलिनमध्ये 'वाटाघाटी' सुरू झाल्या. अपहरण करून आणलेल्या माणसांशी होणाऱ्या बोलण्याला हा शब्द वापरताना माझा हात अडखळतो.

सह्यांसाठीचा कागद पंधरा कलमांचा होता. २२ ऑगस्टला प्रागच्या व्हिसोचानी भागातल्या कारखान्यात गुपचूप भरलेलं पक्षाचं अधिवेशन रद्दबातल मानायचं, वृत्तपत्रं आणि रेडिओ पुन्हा ताब्यात घ्यायचे, सुरक्षा परिषदेतून हा विषय काढायचा. क्रीगलना इतरांपासून वेगळं ठेवलेलं होतं. सह्यांची वेळ आली तेव्हा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि त्यांनी नाही म्हटलं. तिथल्या चेकोस्लोव्हाक नेत्यांपैकी असं म्हणणारे ते एकटेच. सोव्हिएत बाजू त्यांना तिथेच ठेवून घेणार होती. पण बाकीच्यांनी हट्ट धरला की क्रीगलशिवाय आम्ही निघणार नाही, आणि शेवटी त्यांना विमानतळावर आणून सोडलं. २७ तारखेच्या सकाळी सगळे प्रागमध्ये होते. ते घरी कसे आले याचं उत्तर हे: सही केलेल्यांनीच सही न करणाऱ्याला परत आणलं. लेकीने हे वाक्य जरूर लिहावं. सह्या करणाऱ्यांवर आपण फार सहज शिक्के मारतो, पण तेही त्या दिवशी एका गोष्टीवर ठाम राहिले होते.

आता माणसाबद्दल. जन्म १९०८, स्टानिस्लाउ, तेव्हाचा ऑस्ट्रियन गॅलिसिया, आजचं युक्रेनमधलं इव्हानो-फ्रांकिव्स्क. ज्यू घराणं. पहिल्या महायुद्धानंतर ते गाव पोलंडात गेलं. तिथे ज्यू मुलांना वैद्यकीचं शिक्षण मिळणं अवघड, म्हणून हा मुलगा प्रागला आला. इथेच डॉक्टर झाला, इथेच कम्युनिस्ट झाला. १९३६ ला स्पेनचं यादवी युद्ध पेटलं तेव्हा आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये डॉक्टर म्हणून गेला. फ्रँको जिंकल्यावर फ्रान्समधल्या छावण्यांत बंदी. तिथून १९३९ मध्ये थेट चीन, रेडक्रॉसच्या पथकात. नंतर ब्रह्मदेशाची आघाडी. १९४५ ला प्रागला परत. नंतरचं राजकारण पुन्हा कधीतरी लिहीन, आज बोटं दुखली.

– काका, प्राग

*

काका,

तुमची मेल दवाखान्यातल्या मधल्या सुट्टीत वाचली आणि 'चीन, १९३९' पाशी थांबले. मीही डॉक्टर, आणि आजोळ सोलापूरचं. त्यामुळे या वर्षांत चीनमध्ये गेलेला आमचा माणूस आठवणारच. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला, पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून तिकडे गेले. पथकाचे प्रमुख डॉ. अटल आधी स्पेनमध्ये काम करून आलेले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

दोघे भेटले असं मी म्हणत नाही. कोटणीस उत्तरेला, येनान आणि पुढे चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेच्या भागात. क्रीगल नैर्ऋत्येला, गुइयांगजवळ, डॉ. रॉबर्ट लिम यांच्या रेडक्रॉस पथकात. तिथे त्यांच्यासारख्याच, स्पेनहून आलेल्या युरोपीय डॉक्टरांचा एक गट होता आणि चिनी लोक त्यांना 'स्पॅनिश डॉक्टर' म्हणत, जरी त्यांच्यात स्पॅनिश कोणी नव्हतं. जर्मन, ऑस्ट्रियन, पोलिश, रुमेनियन, आणि त्यातले कितीतरी ज्यू, ज्यांना मायदेशी परतणं म्हणजे मरण होतं. एकाच देशात, एकाच युद्धात, एका बाजूला सोलापूरचा आणि दुसऱ्या बाजूला गॅलिसियाचा डॉक्टर. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिकडेच गेले, बत्तिसाव्या वर्षी. आजीला गोष्ट सांगायची असेल तर इथून सुरुवात करा. कोटणीस म्हटलं की ती पुढचं सगळं ऐकेल.

– ताई, ओस्ट्राव्हा

*

नमस्कार काका, ताई,

मला थोडं वेगळं म्हणायचंय. कोणाला दुखवायचं नाही, पण राहवत नाही.

माझं सासर इथलं, मोराव्हियातल्या एका गावातलं. सासऱ्यांच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. १९४८ नंतर ती गेली. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत कम्युनिस्टांनी सत्ता बळकावली, म्हणून त्या घरात 'फेब्रुवारी' हा शब्द अजूनही खालच्या आवाजात उच्चारतात. आणि त्या फेब्रुवारीत पक्षाने जी हत्यारबंद कामगार दलं प्रागमध्ये उभी केली, त्या लोकमिलिशियाच्या नेतृत्वात हेच डॉ. क्रीगल होते. प्रागच्या एका प्रभागात त्यांना मरणोत्तर सन्मान द्यायचा विषय निघाला तेव्हा याच कारणावरून वाद झाला. मुलीने फक्त ६८ लिहिलं आणि ४८ गाळलं, तर ते अर्धंच होईल.

– जावई म्हणून राहणारा एक सभासद, ओलोमोउत्स

*

प्रिय मित्रा,

तू लिहिलंस ते बरं केलंस. मी काल ४८ पाशी थांबलो ते बोटं दुखली म्हणून, पण खरं सांगायचं तर तो भाग मलाही लिहायला जड जातो. ते मिलिशियात होते. ज्या दाराने लोकशाही बाहेर गेली ते दार लावणाऱ्यांत त्यांचाही हात होता. त्यानंतर ते आरोग्य खात्याचे उपमंत्री झाले.

मग १९५२. पक्षाचे माजी सरचिटणीस स्लान्स्की यांच्यावरचा खटला: १४ आरोपी, त्यातले ११ ज्यू, ११ जणांना फाशी. त्या काळात ज्यू असणं आणि स्पेनमध्ये लढलेलं असणं, दोन्ही संशयाला पुरेसं होतं. क्रीगल दोन्ही होते. पद गेलं आणि ते कारखान्याचे डॉक्टर म्हणून काम करू लागले. मला त्यांच्या आयुष्यात हे वळण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ज्या यंत्राला आपण बळ दिलं ते आपल्याच माणसांना कसं गिळतं, हे त्यांनी जवळून पाहिलं. तरी पक्ष सोडला नाही. साठीच्या दशकात क्युबात आरोग्यव्यवस्थेचे सल्लागार होते, मग संसदेत आले, आणि एप्रिल ६८ मध्ये नॅशनल फ्रंटचे, म्हणजे देशातल्या पक्ष-संघटनांच्या आघाडीचे, अध्यक्ष झाले. फौजा शिरण्याआधी सीमेवरच्या चिएर्ना गावी दोन्ही देशांच्या नेत्यांची बैठक झाली, तिथे सोव्हिएत बाजूने त्यांना 'गॅलिसियाचा ज्यू' म्हणून हिणवलं.

मॉस्कोनंतरची गोष्टही मुलीने लिहावी. १८ ऑक्टोबर १९६८ ला सोव्हिएत फौजांच्या 'तात्पुरत्या' मुक्कामाचा करार संसदेत आला. बाजूने २२८, तटस्थ १०, विरोधात फक्त ४: क्रीगल, फ्रांतिशेक वोद्स्लोन्य, बोझेना फुकोव्हा आणि गेर्त्रुदा सेकानिनोव्हा-चाक्र्तोव्हा. या शेवटच्या बाई औश्विट्झमधून वाचून आलेल्या. मॉस्कोत सही नाकारताना निदान आजूबाजूला शत्रू होता. इथे सभागृहात स्वतःचेच सहकारी बसलेले, आणि त्यांच्यादेखत हात वर करायचा. मला हे जास्त कठीण वाटतं.

मे १९६९ मध्ये केंद्रीय समितीने त्यांना पक्षातून काढलं. तिथल्या भाषणातही त्यांनी माघार घेतली नाही. करार लेखणीने नव्हे, तोफा-बंदुकांच्या धाकाने झाला, असा त्यांचा सूर होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निदर्शकांना दडपणारा कायदा आला आणि त्याच्यावर दुब्चेक यांची सही आहे. दुब्चेक भला माणूस होता, मला आजही ते आवडतात. पण एक सही झाली की दुसरी मागायला लोक येतातच.

मानवी हक्कांची मागणी करणाऱ्या १९७७ च्या सनदेवर, चार्टर ७७ वर, क्रीगलनी अगदी सुरुवातीलाच सही केली. आयुष्यातली ही सही त्यांनी आनंदाने केली असावी असं मला वाटतं. मग दाराशी पोलिसांचा पहारा बसला. ३ डिसेंबर १९७९ ला ते गेले, तर लोक जमतील म्हणून जाहीर अंत्यविधीही होऊ दिला नाही.

तुझ्या सासऱ्यांना त्या गिरणीबद्दल विचारून दोन ओळी पाठवशील का? मुलीच्या प्रकल्पात त्याही जाव्यात.

– काका

*

सगळ्यांचे मनापासून आभार. लेक सगळ्या मेल वाचून बसलीये. कोटणीसांपासून सुरुवात, मग ४८, मग ६८ असं ठरलंय. गिरणीसाठी तिने एक पान कोरं ठेवलंय. चार्टरवरच्या सहीचा फोटो कुठे मिळेल, ते ती विचारतेय.

– ब्रनोहून