झाडावरचं खारफुटीचं पान मासे खात नाहीत, मग मानशीतली (खाडीच्या बांधातल्या पाण्याच्या दाराजवळची) मासळी जगते कशावर?

चोडणची_सून:
लेकीच्या पुस्तकात गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार अशी साखळी आहे. काल विचारते, "आई, आपल्या मानशीत गवत कुठंय?" मी गप्प. पाणी गढूळ, तळाला चिखल, काठावर खारफुटी. तरी सुंगटं (कोळंबी) येतात, शेवटे (बोय) येतात, नशीब असलं तर चोणकही (जिताडा). यांना ऊर्जा देतं कोण?

मानसवाला:
ताई, दोन वर्षं मानशीची पावणी (लिलावात घेतलेला मासेमारीचा हक्क) माझ्याकडे होती. रात्री ओहोटीला जाळं लावायचं. मासळीआधी हाती लागतो तो पाला. काळा, बोटात विरघळणारा. शिव्या देत झाडायचो. पण पाला जास्त तिथे सुंगटंही जास्त, हे आजोबाही सांगायचे. कारण मास्तरांना विचारा.

निवृत्त_मास्तर:
कारण तो पालाच. ऊन पानात साखर होऊन अडकतं, पडलेल्या उन्हातलं जेमतेम एखादा टक्का. पण ताजं पान टॅनिनने तुरट. गळून पाण्यात पडलं की टॅनिन धुऊन जातं, कुर्ल्या (खेकडे) तुकडे करतात, वर बुरशी नि जिवाणू चढतात. सुंगटं खरी चाटतात ती हा थर. सान्नांचं (गोव्याच्या इडल्यांचं) पीठ सुरेत (माडीत) आंबतं, तसंच म्हणा ना. कुजलेलं पान ताज्यापेक्षा सकस होतं.

पाला एकटाच नाही हं. ओहोटीला चिखलावर तपकिरी चकाकी दिसते ना? ते सूक्ष्म शैवाल, तेही ऊन पकडतं. शेवटा ते खरवडून खातो.

चोडणची_सून:
मग चोणक एवढा महाग का?

निवृत्त_मास्तर:
तो सुंगटं खाणारा, म्हणजे वरच्या पायरीवर. लिंडमन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९४२ मध्ये एका तळ्यावरून ऊर्जा पायरीपायरीने घटते हे मांडलं. आज ढोबळ हिशेब असा, की दर पायरीला साधारण दहावा भागच पुढे जातो. सुंगटांच्या अंगी ऊर्जेचे शंभर भाग असतील, तर चोणकाच्या अंगी दहा. बाकीचं पोहण्यात, श्वासात, उष्णता होऊन गेलं. काही न खाता, न पचता पुन्हा चिखलात. शेणखताच्या ढिगात हात घालून बघा, गरम लागतो. ती उष्णता परत पानात येत नाही. (बाजारातला भाव मात्र मी ठरवत नाही!)

चोडणची_सून:
रविवारी लेकीला नेते. चकाकी कुठे दिसेल?

मानसवाला:
पोयीच्या (मानशीलगतच्या तळ्याच्या) काठाला, मानशीच्या आतल्या अंगाला. चपला बांधावर काढून ठेवा, चिखलात अडकतात.