मदत हवी आहे: भट्टीवरचं काम आणि आयव्हीएफ

बायकोचं आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) साधारण अडीच महिन्यांनी सुरू होईल. तिचं वय ३४, त्यामुळे फार पुढे ढकलायचं नाही. माझा वीर्य तपासणीचा रिपोर्ट: शुक्राणू मिलीलिटरला १ कोटी १० लाख, हालचाल २८ टक्के. दोन्ही कमीच. सोनोग्राफीत व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं) नाही, शुगर नॉर्मल.

मावा आणि दारू बंद करून पाच आठवडे झाले. माव्याची तलफ जेवणानंतर अजून येते, पण हात लावलेला नाही. कढत पाण्याची अंघोळ सोडली, घट्ट जीन्स सोडली. जिमच्या पावडरी, इंजेक्शनं कधी घेतली नाहीत. अंडी चालतात, मांस-मासे नाही.

अडचण कामाची आहे. मी कोल्हापुरात फाउंड्रीत भट्टीजवळ आठ तास उभा असतो. नवीन शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७२ दिवस लागतात आणि उष्णतेनं ते बिघडतात, असं डॉक्टर म्हणाले. साहेब दुसऱ्या खात्यात पाठवायला तयार आहेत, पण महिन्याभरानंतर. म्हणजे गार जागेत जेमतेम दीड महिना मिळेल.

भट्टी, बेकरी किंवा ट्रकवर काम करणाऱ्यांनी सांगा: उष्णतेपासून लांब गेल्यावर रिपोर्टमध्ये फरक किती दिवसांनी दिसला? दीड महिना पुरेल, की बिनपगारी रजा घेऊन आत्ताच थांबू?