क्लिपची मॅक्रो लेन्स लावूनही अळंब्यांचे फोटो धूसर, मदत हवी आहे

पानवाट
मोबाइलवर क्लिपची मॅक्रो लेन्स लावून येऊरला अळंब्यांचे फोटो काढतोय. सगळे धूसर. लेन्स पुसली, फोन रीस्टार्ट केला, फरक शून्य. शनिवारी परत जायचंय, त्याआधी सांगा. 'जरा लांबून काढा' हा सल्ला नको, मग लेन्स कशाला घेतली?

घोडबंदरी
फोन कुठला? मागे कॅमेरे किती? लेन्स किती एक्सची? क्लिप कव्हरवरच लावता का? यातलं काहीच लिहिलं नाही आणि उत्तर मात्र शनिवारच्या आत हवंय.

कडेकपारी
असल्या क्लिपा म्हणजे खेळणी. सेकंडहँड डीएसएलआर आणि १०० मिमी मॅक्रो घ्या, विषय संपला.

घोडबंदरी
विषय मोबाइलचा आहे हो.

पानवाट
अँड्रॉइड, तीन कॅमेरे. लेन्स १०एक्स. कव्हर असतंच, पावसात काढणार कसं?

गवतीचहा
मग बहुतेक फोनच घोळ घालतोय. इतकं जवळ गेलं की बरेच फोन आपणहून मेन कॅमेरा सोडून शेजारच्या अल्ट्रावाइडवर, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या कॅमेऱ्यावर, जातात. क्लिप एका कॅमेऱ्यावर, फोटो शेजारच्यातून. घरीच तपासा: क्लिप काढा, फोन वर्तमानपत्रापासून ३ सेंमीवर धरा आणि मेन कॅमेऱ्यावर बोट ठेवा. अक्षरं दिसतच राहिली तर फोनने कॅमेरा बदललाय. सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो बंद करा, किंवा प्रो मोडमध्ये १एक्स ठेवा.

दुसरं, अंतर. १०एक्स लेन्सला वस्तू साधारण २५ मिमीवर लागते, बोटाच्या एका पेराएवढी. ५ मिमी मागे सरकलात की गेलं. स्क्रीनवर टॅप करत बसू नका. मॅन्युअल फोकस अनंतावर ठेवा आणि फोनच मागेपुढे सरकवा. कोपरं जमिनीला टेकवा, २ सेकंदांचा टायमर लावा.

कव्हर काढाच. त्याच्या जाडीने क्लिप तिरकी बसते, म्हणून एक कोपरा काळा आणि धूसर येतो. पावसाला छत्री धरा.

एलईडीवाला
झाडाखाली उजेडच नसतो, शटर १/१५ सेकंदावर येतं, मग हात हलणारच. रिंग लाइट घ्या.

गवतीचहा
ओल्या टोपीवर रिंग लाइटचं पांढरं कडं उमटतं. शिवाय समोरून उजेड पडला की टोपीचा खडबडीतपणा सपाट होतो. छोटी एलईडी बाजूने धरा, तिच्यापुढे बटर पेपरचे दोन थर.

एलईडीवाला
एका हातात फोन, दुसऱ्यात छत्री, एलईडी काय दातात धरायची?

घोडबंदरी
तांदळाची छोटी पिशवी जमिनीवर ठेवा, फोन तिच्यावर. एक हात मोकळा.

कोपरीकर
एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर दव धरतं. फोन आणि लेन्स थोडा वेळ बाहेर राहू द्या, पुसत बसू नका. नंतर डबीत सिलिका जेल टाकून ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी चढते.

चुलीवरची
वारुळावर उगवलेल्या पांढऱ्या असतील तर भाजी मस्त होते. फोटो टाका, सांगते.

गवतीचहा
फोटोवरून खायचं ठरवू नका. क्लोरोफिलम मोलिब्डायटिस ही विषारी अळंबी कोवळी असताना पांढरीशुभ्र दिसते, टोपीखालचे कल्ले, म्हणजे पातळ पापुद्रे, उशिरा हिरवट होतात. खाल्ली की उलट्या-जुलाब. शिवाय येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, उपटायला मनाई. फोटोसाठीही उपटू नका. कल्ले टिपायचे तर दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा टोपीखाली सरकवा.

पानवाट
बोट ठेवून पाहिलं, अक्षरं तशीच दिसतायत! ऑटो मॅक्रो बंद केला, कव्हर काढलं. घरच्या कुंडीतली अळंबी मधोमध चाकूसारखी आली. पण कडा जांभळ्या, आणि टोपी फोकसमध्ये आली की देठ जातो.

गवतीचहा
स्वस्त काचेचं ते असतंच. अळंबी मधोमध ठेवून कडा कापा. देठासाठी फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या अंतरावर फोकस केलेले फोटो जोडून एक करायचा: ओपन कॅमेरा ॲपमध्ये फोकस ब्रॅकेटिंग आहे, ते असे फोटो ओळीने काढतं, पण फोनला कॅमेरा२ एपीआय (ॲपला कॅमेऱ्याचा ताबा देणारी अँड्रॉइडची सोय) चालायला हवा. मात्र या लेन्सवर फोनचा फोकस जेमतेम ५ मिमी सरकतो. अळंबी त्याहून खोल असेल तर फोन हळूहळू पुढे ढकलत आठ-दहा फ्रेम घ्या आणि पिकोले या कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडा. वारा असेल तर नादच सोडा.

कडेकपारी
एवढ्या खटपटीपेक्षा डीएसएलआर...

चुलीवरची
कुंडीतली असेल तर तीही खाऊ नका हं.